फॅक्सच्या पहिल्या पानावर मेहताजी

सुरतेजवळच्या पलसाण्याच्या मिलमध्ये मला नोकरी लागली ती कॉम्प्युटरमुळे, आणि कॉम्प्युटर तिथं आला तो शेजारच्या मिलच्या शेठनं घेतला म्हणून. आमच्या शेठनं तो काचेच्या केबिनबाहेर एका टेबलावर मांडून घेतला, त्याला फुलाफुलांच्या कापडाची खोळ शिवून घेतली, कापडाची मिल, खोळीला काय तोटा, आणि मग तो चालवायचा कुणी हा प्रश्न निघाला. मी तेव्हा उधन्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकत होते. क्लासच्या सरांकडे विचारणा झाली आणि सरांनी मला पाठवलं.

आम्ही डिंडोलीत राहायचो. बाबा परभणीकडून लूम्सच्या कामाला सुरतेत आले आणि इथलेच झाले. सगळं आयुष्य मागाच्या खडखडाटात गेल्यामुळे ते घरातसुद्धा मोठ्यानं बोलायचे. पहिल्या दिवशी मी घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "त्या कॉम्प्युटरवर दिवसभर काय करायलीस तू?" मी म्हटलं, कागद काढते. त्यांनी थोडा विचार केला आणि आईला सांगितलं की पोरगी कागदाच्या खात्यात लागली. पुढं बरेच दिवस गल्लीत माझी तीच ओळख होती.

मिलचं काम समजायला सोपं होतं. बाहेरून कोरं कापड यायचं, आमच्याकडे ते रंगवून, छापून परत जायचं. कोणता रंग, किती गडद, माल कधी निघणार, ही सगळी बोलणी इंदूर, दिल्ली, बंगलोरच्या पार्ट्यांशी फॅक्सवर चालायची. फॅक्सचं मशीन शेठच्या केबिनच्या दाराशी होतं. ते आधी किंचाळायचं, मग गुळगुळीत कागदाची गुंडाळी बाहेर काढत बसायचं. एका व्यापाऱ्यानं एकदा 'असा रंग पाहिजे' म्हणून कापडाचा तुकडाच कागदाला चिकटवून फॅक्स केला. आमच्याकडे नुसता काळा चौकोन आला. शेठनं तो रंग मिसळणाऱ्या कलर मास्तरला दाखवून शांतपणे विचारलं, यात मोरपंखी कुठं दिसतो का बघा.

फॅक्स पाठवायचा म्हणजे मजकुराच्या आधी एक कव्हरचं पान लागायचं. कुणाला, कुणाकडून, एकूण पानं किती, विषय काय. हे पान मेहताजी हातानं लिहायचे. मेहताजी म्हणजे मिलचे जुने हिशेबनीस. शेठच्या वडलांच्या वेळेपासूनचे. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशाला शाईचं पेन, आणि पुढ्यात लाल कापडाच्या बांधणीचा चोपडा. पानाच्या वर ते गुजराती वळणाचा, डोक्यावर रेघ नसलेला 'श्री' काढायचे. त्याची शेवटची वेलांटी वर जाऊन अशी वळायची की वाटावं, आता ती कागदाबाहेर जाईल. मग खाली हिंदीत मजकूर, आणि अगदी तळाला दोन ओळी, ज्यांचा कापडाशी काही संबंध नसायचा. कुणाच्या आईचं दुखणं, कुणाच्या मुलीची परीक्षा, तुमच्याकडे पाऊस कसा आहे. मला वाटायचं, व्यापाराच्या कागदावर हे कशाला? पण तसं विचारण्याइतकी मी जुनी झाले नव्हते.

गडबड बंगलोरच्या पार्टीशी झाली. ती तयार कपड्यांची मोठी कंपनी होती. मजले पुष्कळ आणि सगळ्यांत मिळून फॅक्स मशीन एकच. मेहताजींची वळणदार हिंदी तिथं कुणाला वाचता येईना. आमचा एक फॅक्स भलत्याच टेबलावर जाऊन पडला आणि ज्यांना रंग पसंत करायचा होता ते वाट बघत राहिले. शेवटी तिकडून फोन आला आणि शेठला बरंच ऐकून घ्यावं लागलं. फोन ठेवल्यावर शेठ माझ्याकडे वळले आणि म्हणाले, आजपासून कव्हर कॉम्प्युटरवर. इंग्लिशमध्ये. छापील.

मी क्लासात शिकलेली सगळी कला त्या पहिल्या कव्हरवर ओतली. वर जाड काळी पट्टी, तिच्यात पांढऱ्या अक्षरात मिलचं नाव, कोपऱ्यात एक मोर आणि चारी बाजूंनी वेलबुट्टी. आमचा प्रिंटर रिबनवर टाचण्या मारत छापणारा होता. तो त्या पट्टीवर इतका वेळ करकरत बसला की कलर मास्तर खालून बघायला आले. पान निघालं तेव्हा मला ते लग्नाच्या पत्रिकेइतकं सुंदर वाटलं. ते मी फॅक्सला लावलं. एरवी भराभर ओढून घेणारं मशीन त्या पट्टीवर येऊन जे अडकलं ते पुढं सरकेचना. थोड्या वेळानं बंगलोरच्या फॅक्स सांभाळणाऱ्या बाईंचा फोन आला. त्या अगदी सभ्यपणे म्हणाल्या की मघापासून तुमच्याकडून नुसता अंधार येतोय, त्याच्याखाली काही मजकूर आहे का?

माझा चेहरा उतरला असणार. मेहताजी उठले, आपल्या चहातला अर्धा बशीत ओतून त्यांनी कप माझ्यापुढं ठेवला आणि लेकीला हाक मारावी तसं म्हणाले, "दीकरी, कागद जेवढा कोरा, तेवढा पळतो." नंतर सरांनीही मला तेच समजावलं. फॅक्स कागद ओळीओळीनं वाचतो, कोऱ्या जागेवरून सर्रकन जातो आणि काळ्यात रुतून बसतो.

मग मी साधं कव्हर केलं. पट्टी गेली, मोर गेला. मिलचं नाव, चार रकाने आणि बारीक रेघा. तळाला मेहताजी सांगतील त्या दोन ओळी मी इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. बंगलोरचे खूश झाले आणि काही दिवस फार छान गेले. फक्त एक गोष्ट मला कळली नव्हती. सरांनी क्लासात सवय लावली होती की काम झालं की सेव्ह. त्यामुळं मी रोज तीच फाइल उघडायची, नावं बदलायची, छापायची आणि सेव्ह करायची. म्हणजे मागच्या फॅक्सचं जे काही पुसायचं राहील, ते पुढच्या फॅक्सवर तसंच बसलेलं असायचं.

एकदा इंदूरच्या व्यापाऱ्याला नातू झाला म्हणून मेहताजींनी मोठ्या हौसेनं अभिनंदन सांगितलं आणि मी ते टाइप केलं. त्यानंतरचा फॅक्स दिल्लीला गेला. मी वरचं नाव बदललं, विषय बदलला, तळाचं अभिनंदन तसंच राहिलं. दिल्लीचे व्यापारी पन्नाशी ओलांडलेले आणि अविवाहित होते. त्यांनी फोन करून मेहताजींनाच मागितलं. ते म्हणाले, "मेहताजी, नातू झाल्याचं तुमच्याकडूनच कळतंय. लग्न झालं तेव्हाही कळवायला हवं होतं."

मेहताजींनी हिंदीत पुष्कळ माफी मागितली, फोन ठेवला, चष्मा काढला आणि खांदे हलेपर्यंत हसले. शेठना मात्र हसू आलं नाही. दिल्लीची पार्टी मोठी होती. त्यांनी सांगून टाकलं की कव्हरवर कामापलीकडं एक अक्षर नको.

रविवारी मी उधन्याला सरांकडे गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमच्या मिलमध्ये कापड छापतात ते कसं? मी म्हटलं, जाळीचा साचा असतो, तो कापडावर ठेवायचा, रंग ओढायचा, साचा उचलायचा. सर म्हणाले, आणि तू काय करतेस? तू कापड सोडून साच्यावरच रंगवतेस. मग त्यांनी दाखवलं. सेव्ह करताना खाली एक जागा असते, तिथं फाइलचा प्रकार निवडता येतो. नेहमीच्या डॉक्युमेंटऐवजी टेम्प्लेट निवडायचं. झाला साचा. मग नवीन कागद मागताना त्या साच्याचं नाव निवडलं की त्याच्यासारखा दुसरा, बिननावाचा, कोरा कागद पुढं येतो. त्यावर काहीही लिहा, मूळ साच्याला धक्का लागत नाही. जिथं नाव लिहायचं तिथं 'इथं क्लिक करा' अशा जागा ठेवता येतात आणि तारीख तर ते आपली आपणच घालतं.

सोमवारी मिलमध्ये जाऊन मी ते केलं तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो. मी साचा उघडला, त्यात खोटंच नाव लिहिलं, बंद केला. पुन्हा उघडला, कोरा. पुन्हा काहीतरी लिहिलं, बंद केला, उघडला, कोरा. पंगतीत ताट उचललं की लगेच दुसरं धुतलेलं ताट समोर यावं तसं. मग मी एकाचे तीन साचे केले. रंगाच्या पसंतीचा वेगळा, माल निघाल्याचा वेगळा आणि बाकी सगळ्याचा वेगळा. शेठ कुणी आलं की मला खोळ काढायला लावायचे आणि 'बेन, जरा कोरा कागद दाखव' म्हणायचे.

त्या सॉफ्टवेअरमध्ये तयार नमुनेही होते. त्यातल्या एकावर चौकोन काढलेले होते, ज्यात बरोबरची खूण करायची. तातडीचं, कृपया उत्तर द्या, आणि एक होता 'प्लीज रिसायकल'. हे काय ते मला कळेना. मी मेहताजींना विचारलं. त्यांनी बराच विचार करून सांगितलं की सायकल म्हणजे चाक, म्हणजे फिरवून परत पाठवा असं असेल. मला ते पटलं, फॅक्स परत आला की तो मिळाल्याची खात्री होते म्हणून मी तो चौकोनही साच्यात घेतला. बाकी कुणी त्याकडं लक्ष दिलं नाही. पण इंदूरचे व्यापारी फार सरळ मनाचे. त्यांना अर्थ माहीत नव्हता म्हणून त्यांनी फोन करून विचारला, मी आमचा अर्थ सांगितला, आणि मग ते आमचा प्रत्येक फॅक्स पूर्णच्या पूर्ण आम्हाला परत पाठवू लागले. आमची फॅक्सची गुंडाळी लवकर का संपते याचा शोध लागेपर्यंत हे चाललं.

पण त्या हसण्यात मेहताजी हळूहळू कमी होत गेले हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. कव्हर आता कुणीही काढू शकत होतं. शेठसुद्धा एकदा हौसेनं काढून गेले. मेहताजींना कुणी हाक मारेना. आधी ते दर फॅक्सला उठून यायचे, पेनचं टोपण काढायचे, उभ्यानंच लिहायचे. आता ते आपल्या चोपड्यापाशी बसून राहायचे आणि संध्याकाळी इतरांबरोबर वेळेवर निघायचे. मी एकदा त्यांना म्हटलं, काका, बरं झालं ना, तुमचं एक काम कमी झालं. ते म्हणाले, हो, झालं. आणि पुन्हा आकड्यांत गेले.

अशातच एका संध्याकाळी इंदूरहून फोन आला. मेहताजी घरी निघून गेले होते, मी प्रिंटरच्या कागदात अडकले होते, म्हणून शेठनी फोन घेतला. तिकडून विचारलं असणार, मेहताजी आहेत का? त्याच वेळी बॉयलर बंद पडल्याचं सांगायला खालून माणूस आला. शेठ म्हणाले, "मेहताजी तो गए," आणि फोन ठेवून बॉयलरकडे पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॅक्सचं मशीन किंचाळलं तेव्हा जवळ मेहताजीच होते. त्यांनी कागद फाडला आणि उभ्यानंच वाचायला लागले. वाचता वाचता ते जवळच्या स्टुलावर बसले. मला वाटलं, कुणाची तरी वाईट बातमी. मी उठून गेले. त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

बातमी त्यांच्याच मरणाची होती. इंदूरच्या व्यापाऱ्यांनी शेठना सांत्वनाचं पत्र पाठवलं होतं. त्यांनी लिहिलं होतं की मेहताजींचं अक्षर कव्हरवर दिसेनासं झालं तेव्हापासूनच मनात शंका होती, छापील कागद आला की काळजी वाटायची, पण विचारायचा धीर झाला नाही. काल तुमच्याच तोंडून कळलं. पुढं त्यांनी लिहिलं होतं, मी मेहताजींना कधी पाहिलं नाही. पण माझ्या आईचे गुडघे दुखायचे तेव्हा दर फॅक्सला त्यांची विचारपूस असायची, आणि आई गेली तेव्हा त्यांनी लिहिलेल्या दोन ओळी मी फ्रेम करून ठेवायला निघालो होतो, पण फॅक्सचा कागद, अक्षर पुसट झालं. माझी बायको फॅक्स आला की रंगाचं नंतर बघा, आधी खाली काय लिहिलंय ते वाचा, असं म्हणायची. देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो.

माझं वाचून झालं तरी मला वर बघवेना. मग मी बघितलं तर मेहताजींचे डोळे भरलेले होते आणि तोंडावर मात्र हसू होतं. शेठ केबिनमधून आले, त्यांनी कागद घेतला, वाचला आणि त्यांचा चेहरा असा झाला की काय बोलावं हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. शेवटी ते म्हणाले, मी 'घरी गेले' असं म्हणालो होतो. मेहताजी म्हणाले, "शेठ, घरी हा शब्द राहिला तुमचा."

मग तिघंही हसलो. हसून झाल्यावर उत्तर पाठवायचं ठरलं. मेहताजींनी सवयीनं पेन काढलं, एक कोरा कागद ओढला, आणि थांबले. मला म्हणाले, "नको. तुझ्या कव्हरवरच पाठव. त्यांची त्या कागदाची भीती गेली पाहिजे." मी साचा उघडला. इंदूरचं नाव घातलं, पानं एक, आणि विषयाच्या जागी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, 'मेहताजी जिंदा हैं'. पान छापलं. खाली उरलेल्या जागेत मेहताजींनी शाईनं लिहिलं. त्यांनी काय लिहिलं ते मी वाचलं नाही. पण ते बराच वेळ लिहीत होते.

फॅक्स गेला आणि थोड्याच वेळात फोन वाजला. इंदूरचे व्यापारी आधी रडत होते, मग हसत होते, मग शेठवर रागावले, मग पुन्हा हसले. मेहताजी नुसते "हां जी, हां जी, मैं ही हूं" म्हणत राहिले.

त्या दुपारी शेठ माझ्या टेबलाशी आले. त्यांनी साचा उघडायला सांगितला आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, इथं खाली मेहताजींना जागा दे. टाइप करायची नाही, हातानं लिहायची. वरती मेहताजींचा श्री पण पाहिजे, रोज तोच. मी म्हटलं, जागा आत्ता देते, पण श्री कॉम्प्युटरात कसा घालू?

चित्र आत घेणारं मशीन आमच्याकडे नव्हतं. मी पुन्हा सरांना फोन केला. सरांनी विचारलं, तुमच्या कॉम्प्युटरला मोडेम आहे ना? तो होता. विकणाऱ्यानं ती वस्तू शेठच्या गळ्यात मारली होती आणि तिचा कधी काही उपयोग झाला नव्हता. सर म्हणाले, मग कॉम्प्युटर स्वतःच फॅक्स घेऊ शकतो. तुमच्या मशीनवरून तुमच्याच कॉम्प्युटरला फॅक्स करा.

ऑफिसात फोनच्या दोन लाइनी होत्या. एक फॅक्सला होतीच, दुसरी फोनमधून काढून मी मोडेमला लावली. मेहताजी त्या दिवशी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून आले होते, जणू फोटो काढायचा आहे. त्यांनी कोऱ्या कागदावर श्री काढला. तो पसंत पडला नाही. दुसरा काढला. वेलांटी जरा आखूड झाली. तिसरा काढला आणि स्वतःशीच मान हलवली. तो मी मशीनला लावला आणि शेजारच्याच टेबलाचा नंबर फिरवला. इकडं मशीन किंचाळलं, तिकडं कॉम्प्युटर किंचाळला. सगळं ऑफिस उभं राहून बघत होतं. स्क्रीनवर पान आलं. कोरं. मी घाईत कागद उलटा लावला होता.

दुसऱ्या वेळेला श्री आला. आधी ती लांब वेलांटी, मग पोट, मग खालची टोकं. मेहताजी वाकून बघत राहिले. त्यांनी विचारलं, हा इथून तिथं कसा गेला? मी म्हटलं, इथून तारेनं पलसाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला आणि तिथून परत आला. ते म्हणाले, म्हणजे गावाला जाऊन आला. घरचं माणूस बाहेरगावी जाऊन सुखरूप परतावं तशा आवाजात ते म्हणाले.

तो श्री मी साच्याच्या माथ्यावर बसवला. थोडा लहान केला, मधोमध आणला. तळाला दोन रेघा काढल्या आणि त्यांच्यावर काहीच लिहिलं नाही. क्लिक करायची जागाही ठेवली नाही. आणि 'रिसायकल'चा चौकोन काढून टाकला, कारण एव्हाना सरांकडून त्याचा खरा अर्थ कळला होता. मग तो साचा सेव्ह केला. तिन्ही साचे तसेच केले.

त्या दिवसापासून ऑफिसचा नियम झाला. मी वरचं टाइप करायची, छापायची आणि पान मेहताजींकडे जायचं. ते दोन रेघांवर लिहायचे आणि मग फॅक्स निघायचा. कधी मेहताजी जेवायला बसलेले असले की फॅक्स थांबून राहायचा आणि शेठ चुळबुळ करायचे. एकदा शेठनी मला सांगितलं की आज तूच लिही. मी मेहताजींच्या डब्याशी जाऊन बसले आणि विचारलं, बंगलोरला काय लिहू? त्यांनी थेपल्याचा तुकडा कैरीच्या छुंद्यात बुडवला आणि म्हणाले, तिथं फॅक्सवर कोण असतं? मी म्हटलं, एक बाई आहेत, त्यांनीच त्या अंधाराचं सांगितलं होतं. "मग त्यांच्याबद्दल तुला काय माहीत आहे?" मला काहीच माहीत नव्हतं. ते म्हणाले, तेच विचार मग.

मी माझ्या बाळबोध अक्षरात इंग्रजीत लिहिलं, तुम्ही कशा आहात, बंगलोरला थंडी आहे का? उत्तराचा फॅक्स आला. रंग पसंत, माल पाठवा, सगळं छापील. आणि त्या छापील कागदाच्या अगदी कडेला पेनानं एक ओळ, की थंडी आहे, पण घाटात राहणाऱ्या आमच्या आईकडच्यापेक्षा कमी, आणि तुमच्याकडं आता अंधार नसतो हे बरं झालं. ज्या कंपनीनं आम्हाला हातानं लिहू नका म्हणून सुनावलं होतं, तिथूनच आता हातानं लिहून येत होतं. मी तो कागद मेहताजींना दाखवला. ते म्हणाले, तुझं अक्षर सुधार.

दिवाळीच्या आधी इंदूरचे व्यापारी सुरतेला आले. खरेदीला आले असं ते म्हणाले, पण स्टेशनवरून थेट पलसाण्यालाच आले होते. हातात शेवेची मोठी पुडी. त्यांनी दारातून सगळ्यांकडे बघितलं आणि दणकट बांध्याच्या कलर मास्तरांना जाऊन मिठी मारली. त्यांच्या मनातले मेहताजी तसे होते. कलर मास्तरांनी घाबरून बोटानं खरे मेहताजी दाखवले. मेहताजी उभे राहिले. ते व्यापाऱ्यांच्या खांद्याइतकेही नव्हते. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले आणि मेहताजी म्हणाले, मला वाटायचं तुम्ही बारीक असाल.

मग दोघं कॉम्प्युटरपाशी येऊन बसले. मेहताजी एव्हाना दोन गोष्टी शिकले होते, खोळ काढणं आणि साचा उघडणं. त्यांनी पाहुण्यांना ते करून दाखवलं. उघडला, हे बघा, कोरा. बंद केला. उघडला, हे बघा, पुन्हा कोरा. वरती श्री आणि खाली दोन रिकाम्या रेघा. इंदूरचे व्यापारी शेव खात, लहान मुलानं जादू बघावी तसे बघत होते. त्यांच्या दुकानातही पुतण्यानं कॉम्प्युटर आणला होता. जाताना त्यांनी संकोचत विचारलं की हा साचा आम्हाला मिळेल का? मी एक फ्लॉपी काढली, त्यात साचा उतरवला आणि आमच्या मिलचं नाव पुसून त्यांच्या दुकानाचं टाकलं. श्रीही काढायला निघाले, तेव्हा मेहताजींनी हात आडवा केला. ते म्हणाले, राहू दे. श्री काय एकट्याचा असतो?

त्यानंतर काही दिवसांनी शेठ केबिनच्या दारात उभे राहून फॅक्स येताना बघत होते. कागद वरून सरकत बाहेर आला, आधी ती लांब वेलांटी, मग श्री. शेठनी मान वळवून मेहताजींना विचारलं की तुम्ही इथं बसून मलाच फॅक्स का पाठवता? मेहताजींनी चोपड्यातून मान वर केली नाही. ते म्हणाले, पुढं वाचा, इंदूरचा आहे. शेठनी पुढं वाचलं. मग शेवटी तळाला आले आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. इंदूरच्या नातवाला पहिला दात आला होता.